व्हर्च्युअल मशीनमध्ये गेम का अडखळतो? ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण वेग मिळवायचा कसा?

विंडोज सोडून संगणकावर लिनक्स टाकलं. आठवडाभर सगळं मजेत चाललं. मग रात्री मित्रांसोबत खेळायचा गेम आठवला आणि लक्षात आलं, तो फक्त विंडोजवर चालतो. उपाय सोपा वाटतो: एक व्हर्च्युअल मशीन बनवायचं, त्यात विंडोज टाकायचं आणि त्यात गेम. डाउनलोड होतो, इन्स्टॉल होतो, गेमचा लोगोही झळकतो. त्यानंतर मात्र पडदा स्लाइड शोसारखा सरकायला लागतो. आणि हे सगळं संगणकात चांगलं महागाचं ग्राफिक्स कार्ड असताना!

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे लिनक्सकडे वळलेल्या अनेकांपुढे हाच प्रश्न उभा आहे. गंमत म्हणजे हे अशक्य अजिबात नाही. जानेवारी २०१६ मध्ये कॅनडाच्या 'लायनस टेक टिप्स' या यूट्यूब चॅनेलने एकाच संगणकावर सात जणांना सात वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एकाच वेळी गेम खेळायला बसवलं होतं. प्रत्येकाचा मॉनिटर वेगळा, कीबोर्ड वेगळा आणि खोक्यात एएमडीची सात आर९ नॅनो ग्राफिक्स कार्डं. म्हणजे व्हर्च्युअल मशीन ही मुळात संथ गोष्ट नाही. मग आपल्याकडे घोडं अडतं कुठे?

कार्ड आहे, पण गेमला ते दिसतच नाही

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. प्रोसेसर आणि रॅम यांची वाटणी करणं सोपं असतं. आजच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय असते, म्हणून गेस्टमधला हिशेबाचा कार्यक्रम जवळपास मूळ वेगानेच चालतो. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. ते एका वेळी एकाच मालकाचं ऐकतं आणि तो मालक आधीच ठरलेला असतो: होस्ट.

म्हणून व्हर्च्युअल बॉक्ससारखं सॉफ्टवेअर गेस्टला एक खोटं, साधंसुधं कार्ड दाखवतं. गेम त्या खोट्या कार्डाला डायरेक्टएक्सच्या भाषेत आज्ञा देतो. गेस्टमधला ड्रायव्हर त्या आज्ञा गोळा करतो, होस्टकडे पाठवतो, तिथे त्यांचं दुसऱ्या भाषेत रूपांतर होतं आणि मग कुठे खऱ्या कार्डाला काम मिळतं. दुभाष्यामार्फत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकण्यासारखा हा प्रकार आहे. शब्द पोहोचतात, पण तोवर पुढचा चेंडू पडलेला असतो.

गेमला उशीर परवडत नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तर जेमतेम ६.९. आणि एका चित्रासाठी गेम अशा हजारो आज्ञा देत असतो.

थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन बंदच असेल तर परिस्थिती आणखी वाईट. मग सगळं चित्र प्रोसेसर एकटाच रंगवतो. 'स्लाइड शो' बहुतेक वेळा इथूनच येतो.

आधी फुकटचे उपाय

पैसे खर्च करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. गेस्टमध्ये व्हर्च्युअल बॉक्सचं गेस्ट अ‍ॅडिशन्स किंवा व्हीएमवेअरचं टूल्स हे पॅकेज टाकलेलं हवं, कारण थ्रीडीचा ड्रायव्हर त्यातच असतो. सेटिंगमध्ये थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनसमोर खूण हवी.

व्हर्च्युअल बॉक्समधला व्हिडिओ मेमरीचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला की गेम पळेल, असा सल्ला जागोजागी दिलेला असतो. त्या मेमरीची कमाल मर्यादाच २५६ एमबी आहे आणि ती वाढवल्याने दुभाष्याचा वेग काही वाढत नाही. स्लायडर वर ठेवा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

होस्ट विंडोज असेल तर व्हर्च्युअल बॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसतंय का? ही थट्टा नाही. विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही चालू असेल, तर व्हर्च्युअल बॉक्सला त्याच्या खांद्यावर बसून काम करावं लागतं आणि वेग पडतो. त्याची सूचना म्हणून ते कासव दिसतं. हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सोय बंद केली की कासव जातं. मात्र डब्ल्यूएसएल २ आणि डॉकरसुद्धा याच पायावर उभे असतात, ते बंद पडतील. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, हेही विसरू नये. जुन्या गेमसाठी एवढी किंमत मोजायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नुसतं सॉफ्टवेअर बदलूनही फरक पडतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये २०२० च्या १६ व्या आवृत्तीपासून गेस्टला डायरेक्टएक्स ११ मिळतं आणि ग्राफिक्स मेमरी ८ जीबीपर्यंत देता येते. पूर्वी पैसे मोजून घ्यावं लागणारं वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे. व्हर्च्युअल बॉक्समध्ये डायरेक्टएक्स ११ आलं ते २०२२ च्या ७.० आवृत्तीत. दहा-बारा वर्षांपूर्वीचे गेम, स्ट्रॅटेजी गेम, टूडी गेम यांसाठी व्हीएमवेअर पुरेसं ठरतं. डायरेक्टएक्स १२ मागणारे नवे गेम इथे सुरूच होणार नाहीत. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा.

जाता जाता: मोबाइलचे गेम संगणकावर खेळण्यासाठी ब्लूस्टॅक्स वापरणारे लाखो लोक खरं तर व्हर्च्युअल मशीनच चालवत असतात, फक्त ते तसं म्हणत नाहीत. तिथे गेम रखडत असेल तर पहिला संशय बायॉसवर घ्यावा. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय तिथे बंद असते. इंटेलवर ती व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने सापडते, एएमडीवर एसव्हीएम या नावाने.

खरा उपाय: कार्डच देऊन टाका

दुभाष्याला मधून काढायचं असेल तर एकच मार्ग उरतो. खरं कार्ड होस्टने सोडून द्यायचं आणि थेट गेस्टच्या हवाली करायचं. याला पासथ्रू म्हणतात. गेस्टमधल्या विंडोजला खरंखुरं कार्ड दिसतं, त्यात एनव्हिडिया किंवा एएमडीचा नेहमीचा ड्रायव्हर टाकायचा आणि खेळायचं. नीट जमलं तर कार्डाचा वेग मूळ वेगापेक्षा सहसा काही टक्क्यांनीच कमी भरतो.

लिनक्समध्ये यासाठी व्हीएफआयओ नावाची यंत्रणा आहे. ती २०१२ मध्ये लिनक्स कर्नल ३.६ सोबत आली. केव्हीएम आणि क्यूईएमयू या जोडीबरोबर ती वापरली जाते.

कार्ड थेट गेस्टला दिलं तर ते होस्टच्या मेमरीत ढवळाढवळ करणार नाही कशावरून? त्यासाठी मदरबोर्ड आणि प्रोसेसरमध्ये आयओएमएमयू नावाचा पहारेकरी लागतो. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्ही-आय. वर आलेलं व्हीटी-एक्स आणि हे व्हीटी-डी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं चालू आणि दुसरं बंद असेल तर व्हर्च्युअल मशीन चालतं, पासथ्रू मात्र चालत नाही. पुष्कळ जण इथेच दोन दिवस घालवतात.

खरेदीआधी हे वाचा

कार्ड गेस्टला दिलं की होस्टचा पडदा काळा होतो. म्हणून होस्टसाठी दुसरं काहीतरी हवं. प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स त्याला पुरतं. पण स्वस्तात गेमिंग पीसी जुळवताना बहुतेक जण इंटेलचा 'एफ' अक्षराचा प्रोसेसर घेतात, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ. त्या 'एफ'चा अर्थच अंगचं ग्राफिक्स नाही असा आहे. रायझन ५ ५६०० मध्येही ते नसतं. अशा वेळी होस्टसाठी जीटी ७१० सारखं एखादं जुनं, साधं कार्ड वेगळं लावावं लागतं आणि त्यासाठी मदरबोर्डवर दुसरी जागा लागते.

तिथेच पुढची मेख आहे. आयओएमएमयू उपकरणांना गटांमध्ये बांधतो आणि एका गटातली सगळी उपकरणं एकत्रच गेस्टला द्यावी लागतात. प्रोसेसरला थेट जोडलेला पहिला स्लॉट बहुधा स्वतंत्र गटात असतो. स्वस्त मदरबोर्डवर चिपसेटमार्फत जाणारे स्लॉट मात्र नेटवर्क, यूएसबी, साटा अशा सगळ्या गोतावळ्यासोबत एकाच गटात सापडतात. कार्ड द्यायचं तर अख्खी वरात पाठवायची! एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच लावून हे गट कागदोपत्री फोडता येतात, पण त्याने पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. घरच्या एकट्याच्या संगणकावर लोक तो वापरतात. जिथे गेस्टवर विश्वास नाही तिथे तो वापरू नये. मदरबोर्ड विकत घेण्याआधी त्याच मॉडेलच्या कुणीतरी टाकलेल्या गटांच्या याद्या शोधून बघणं, हा सगळ्यात स्वस्त सल्ला.

लॅपटॉपवाल्यांनी जपून राहावं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मोठ्या कार्डाचं चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधूनच पडद्यावर जातं. अशा ठिकाणी पासथ्रू जमवणं म्हणजे महिनाभराचा छंद होतो.

कार्डाचा ब्रँडही महत्त्वाचा. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर अनेक वर्षं व्हर्च्युअल मशीन ओळखून 'कोड ४३' ही चूक दाखवायचा आणि थांबायचा. लोक मग आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हेच ड्रायव्हरपासून लपवायचे. मार्च २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने ही अडवणूक स्वतःच सोडली. त्यामुळे कोड ४३ लपवण्याचे जुने व्हिडिओ आता बहुतेक निरुपयोगी आहेत. एएमडीचा ड्रायव्हर असा आडमुठा कधीच नव्हता, पण त्याच्या कार्डांना दुसरा आजार होता. आरएक्स ५८०, व्हेगा, आरएक्स ५७०० या पिढ्यांमध्ये गेस्ट एकदा बंद केला की कार्ड मूळ स्थितीत परत येत नाही. गेस्ट पुन्हा सुरू करायला अख्खा संगणक रीस्टार्ट करावा लागतो. व्हेंडर-रीसेट नावाचं कर्नल मॉड्यूल यातल्या बऱ्याच कार्डांना सावरतं. सेकंडहँड आरएक्स ५८० स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जोडणी करताना तीन गोष्टी चुकतात. मशीनचा प्रकार क्यू३५ आणि फर्मवेअर यूईएफआय निवडायचं असतं. कार्डासोबत त्याचं एचडीएमआय ऑडिओचं उपकरणही द्यायचं असतं, ते त्याच गटात असतं. आणि होस्ट सुरू होतानाच कार्ड व्हीएफआयओच्या ताब्यात जायला हवं, म्हणजे होस्टचा नेहमीचा ड्रायव्हर त्याला हात लावणार नाही.

कार्ड दिलं, तरी झटके बसतात?

इथे बहुतेक जण कार्डाला दोष देतात. दोषी बहुधा प्रोसेसर असतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्डावर भार होता. तेवढ्याच राहिल्या तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय.

गेस्टला दिलेले कोअर हे होस्टच्या दृष्टीने साधे कार्यक्रम असतात. होस्ट त्यांना या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतो. हलवलं की कॅशेमधला जवळचा डेटा मागे राहतो आणि गेममध्ये झटका बसतो. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण हाताला अडखळल्यासारखं वाटतं. यावर उपाय म्हणजे पिनिंग: गेस्टचा कोणता कोअर खऱ्या कोणत्या कोअरवर चालेल हे ठरवून टाकणं. आठ कोअरचा प्रोसेसर असेल तर सहा गेस्टला आणि दोन होस्टला, ही वाटणी बहुतेकांना मानवते. सगळे आठ देऊन टाकणं हा हावरटपणा अंगाशी येतो, कारण गेस्टची डिस्क, नेटवर्क आणि यूएसबी सांभाळायला होस्टलाही कोअर लागतात.

एका कोअरचे दोन थ्रेड असतात. ते गेस्टमध्येही एकाच कोअरचे जुळे म्हणूनच दिसले पाहिजेत. रायझनवर त्यासाठी टोपोएक्स्ट ही सोय वेगळी चालू करावी लागते. प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट पासथ्रू' ठेवावा. रायझन ९ ७९५०एक्स३डी सारख्या प्रोसेसरमध्ये कोअरचे दोन गट असतात आणि जादा कॅशे एकाच गटाकडे असते. गेस्टला तोच गट द्यावा. दोन्हीकडचे थोडे थोडे दिले की महागाच्या प्रोसेसरचा फायदाच जातो.

मग मेमरी. होस्ट रॅमचा हिशेब ४ केबीच्या पानांमध्ये ठेवतो. गेस्टला १६ जीबी दिली तर ती पानं ४१ लाखांहून जास्त होतात. २ एमबीची मोठी पानं वापरली, ज्यांना ह्यूज पेजेस म्हणतात, तर तोच हिशेब ८,१९२ पानांत आटोपतो. पत्ता शोधण्याचा वेळ वाचतो. तोटा एवढाच की ती रॅम गेस्टसाठी राखून ठेवलेली असते, होस्टला ती वापरता येत नाही. म्हणून एकूण ३२ जीबी असेल तर बरं. गेस्टची रॅम गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी बलून ही सोय बंद ठेवावी. थेट दिलेल्या कार्डासोबत तिचा काही उपयोग नाही.

डिस्क आणि नेटवर्कसाठी व्हर्टआयओ ड्रायव्हर घालावेत. शक्य असेल तर एक एनव्हीएमई एसएसडी पूर्णच गेस्टला द्यावी. मोठ्या नकाशांच्या गेममध्ये पुढचा भाग डिस्कवरून येताना बसणारे झटके त्याने पुष्कळ कमी होतात. क्यूईएमयूमध्ये हायपर-व्हीच्या नावाने काही सवलती असतात. त्या चालू केल्या की गेस्ट विंडोजला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कळतं आणि ते घड्याळ वगैरे कमी खर्चात वाचतं. होस्टच्या प्रोसेसरची वीज बचत बंद करून तो 'परफॉर्मन्स'वर ठेवावा. आवाजात करकर येत असेल तर गेस्टमध्ये कार्डाच्या ऑडिओसाठी एमएसआय प्रकारचे इंटरप्ट चालू करून बघावेत. बहुधा थांबते.

एका वेळी एकच बदल करा आणि मोजा. पाच बदल एकत्र केले की कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

चित्र बघायचं कुठे?

साधा मार्ग: मॉनिटरची दुसरी केबल गेस्टच्या कार्डाला लावायची आणि मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलायचं. याहून जलद काही नाही. एकाच पडद्यावर खिडकीत गेम हवा असेल तर लुकिंग ग्लास हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते गेस्टच्या कार्डाने तयार केलेलं चित्र होस्ट आणि गेस्टच्या सामाईक मेमरीतून थेट उचलतं, मध्ये दाबणं-उलगडणं नाही. १०८० रिझोल्यूशनसाठी ३२ एमबी सामाईक मेमरी पुरते. कार्डाला मॉनिटर जोडलाय असं भासवायला एचडीएमआयचा डमी प्लग लावतात. तो अगदी स्वस्तात मिळतो.

होस्ट विंडोजच ठेवायचा असेल तर

हायपर-व्हीमध्ये जीपीयू पार्टिशनिंग नावाची सोय आहे. तिच्यात एकाच कार्डाचे भाग करून होस्ट आणि गेस्ट दोघांना देता येतात, दुसरं कार्ड लागत नाही. यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते, कारण होममध्ये हायपर-व्हीच नसतो. होस्टमधल्या ड्रायव्हरच्या फाइल गेस्टमध्ये नेऊन ठेवाव्या लागतात आणि होस्टचा ड्रायव्हर अपडेट झाला की हा खटाटोप पुन्हा. काल चालणारा गेम आज अचानक उघडत नसेल तर आधी हेच तपासावं. हायपर-व्हीची स्वतःची खिडकी गेमच्या कामाची नाही, म्हणून चित्रासाठी पार्सेक किंवा सनशाइनसारखं स्ट्रीमिंग सॉफ्टवेअर लावतात. जुन्या लेखांत सापडणारं रिमोटएफएक्स व्हीजीपीयू मात्र विसरून जा. सुरक्षेतल्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टने ते जुलै २०२० मध्ये बंद केलं आणि २०२१ मध्ये काढूनच टाकलं.

आणि मग व्हॅलोरंट उघडत नाही

हे खरं तर सगळ्यात आधी तपासायला हवं. मदरबोर्ड बदलला, दुसरं कार्ड घेतलं, आठवडाभर जागून सगळं जुळवलं आणि ज्या गेमसाठी हा सगळा उद्योग केला तोच दार बंद करतो, असं अनेकांचं झालं आहे.

व्हॅलोरंटसोबत येणारी व्हॅनगार्ड ही फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसते आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये गेम चालू देत नाही. २०२४ पासून लीग ऑफ लेजंड्सलाही तीच यंत्रणा आहे. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट वापरणाऱ्या गेममध्ये निर्णय त्या त्या गेमच्या कंपनीचा असतो. काही चालू देतात, काही बाहेर काढतात, आणि काही आज चालू देऊन उद्या धोरण बदलतात. यामागे त्यांचंही कारण आहे. होस्टला गेस्टची सगळी मेमरी वाचता येते, म्हणजे भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारा कार्यक्रम होस्टवर बसवला तर आतल्या यंत्रणेला तो सापडतच नाही. मग प्रामाणिक खेळाडूही त्याच जाळ्यात अडकतो.

व्हर्च्युअल मशीन लपवण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागून वर्षानुवर्षं जमवलेल्या स्किन आणि रँकसकट खातं बंद झालं, तर तक्रार करायला जागा राहत नाही. अशा गेमसाठी वेगळ्या एसएसडीवर विंडोज टाकून ड्युअल बूट करणं, हाच सरळ मार्ग.

एकट्याने खेळायच्या गेमसाठी तर आधी स्टीमचं प्रोटॉन वापरून बघावं. व्हॉल्व्हने ते ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं. ते विंडोजचे गेम लिनक्सवर थेट चालवतं, व्हर्च्युअल मशीनशिवाय. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र त्याच्याच जिवावर चालतं. हवा असलेला गेम प्रोटॉनवर नीट चालतो का, हे बघायला संध्याकाळचा एक तास पुरतो. तिथे तो चालला नाही, त्याला फसवणूकविरोधी यंत्रणेची अडचणही नाही आणि मदरबोर्डाचे गटही बरे आहेत, तर मग पासथ्रूसाठी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला हरकत नाही.